बार्शीचे गटार आणि तालुक्याची शेती

गटार हा विषय अग्रलेखास शोभणारा नाही, असे मानणारे सद्गृहस्थ आजही आपल्यांत पुष्कळ आहेत. धरण, रेल्वे, साखर कारखाना, महाविद्यालय यांच्या कोनशिलेवर नाव कोरून घेण्यास पुढाऱ्यांची रांग लागते. भुयारी गटाराच्या कोनशिलेपुढे मात्र ती रांग फार लांब नसते. त्याचे कारण उघड आहे. जे जमिनीखाली जावयाचे ते मतदारास दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे श्रेय कोणी कोणास देत नाही. परंतु लोकांच्या संपत्तीचा विचार करणाऱ्यास न दिसणाऱ्या गोष्टींचाच हिशेब आधी मांडावा लागतो. बार्शीसारख्या बाजारपेठेच्या गावी सांडपाण्याची व्यवस्था हा केवळ आरोग्यखात्याचा प्रश्न नसून तो सबंध तालुक्याच्या शेतीच्या भांडवलाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा सरकारच्या दाराशी बसून मिळेल तेवढ्यावरच न थांबता गावाने स्वतःच्या पतीवर उभारला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दादाभाई नौरोजींनी एका पिढीस एक शब्द शिकविला. हिंदुस्थानची संपत्ती परदेशी वाहून जाते, तीस त्यांनी संपत्तीचे निःसारण म्हटले, आणि १९०१ साली आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचा आकड्यांनिशी पुरावा मांडला. परक्यांच्या राज्यातील ते निःसारण १९४७ साली थांबले, असे आपण मानतो. पण आपल्याच हातून रोज होणाऱ्या एका निःसारणाकडे आपले अजून लक्ष गेलेले नाही. बार्शीस प्यावयाचे पाणी उजनीच्या जलाशयातून वीज जाळून उपसून आणावे लागते. पैसे मोजून आणलेले ते पाणी घरोघरी एकदा वापरले गेले की ते घाण होऊन ओढ्यानाल्यांत पडते, वाटेतील विहिरींस बाधा करते, आणि पुढे भीमेच्या खोऱ्यात निघून जाते. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, ज्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ भोगला, त्या जिल्ह्यात पाण्याचे असे निःसारण चालू ठेवणे म्हणजे फाटक्या खिशात पगार ठेवण्यासारखे आहे.

हे किती पाणी आहे? हिशेब सोपा आहे. २०११ च्या जनगणनेत बार्शी शहराची लोकसंख्या १ लाख १८ हजारांवर भरली. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरावे, असा केंद्र सरकारच्या अभियंत्यांचा ठोकताळा आहे. त्या मापाने बार्शीचे सांडपाणी दिवसाला सुमारे १ कोटी २८ लक्ष लिटर, म्हणजे १२,८०० घनमीटर होते. रब्बीच्या चार महिन्यांचेच पाणी घेतले तरी ते १५ लक्ष घनमीटरांच्या वर जाते. एका हेक्टर रानावर हंगामात चाळीस सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर चार हजार घनमीटर लागतात; म्हणजे या एका शहराच्या टाकून दिलेल्या पाण्यावर पावणेचारशे हेक्टर रब्बी भिजू शकते. नळास आज माणशी १३५ लिटर पाणी येत नाही, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, निम्मे धरा, तरी निम्मे हेक्टर उरतात. शिवाय सांडपाण्यात लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम नत्र असते असे धरले, तर रोज पाचशे किलो नत्र, म्हणजे एक टनाहून अधिक युरियाचा ऐवज, ओढ्यात जातो. शुद्धीकरणात त्यातील काही भाग नाहीसा होतो हे खरे. परंतु उरतो तोही शेतकऱ्यास फुकट सोडून देण्याजोगा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा डोंगरावरून वाहून जाणारा कुजका पाला व कसदार गाळ ताली-बंधारे घालून शेतात अडवावा, असे कळकळीने सांगितले होते. त्या वेळी कस डोंगरावरून वाहून जात होता, आज तो शहराच्या मोरीतून वाहून जात आहे, एवढाच काय तो फरक.

येथे कोणी विचारील की, शहराच्या गटाराचा आणि खेड्याच्या भरभराटीचा संबंध एवढ्या पाण्यापुरताच काय? आमच्या मते तो याहून खोल आहे. बार्शी हे गाव खेड्यांच्या जिवावर वाढले आणि खेडी बार्शीच्या बाजारावर जगली. ज्वारी, तूर, उडीद, सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी आडतीवर थांबतो, त्याचा मुलगा येथील शाळा-महाविद्यालयांत शिकतो, त्याची आजारी माणसे येथील दवाखान्यांत येतात. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या शिक्षणसंस्थांचा लाभ बार्शीच्या गल्ल्यांइतकाच भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी घेतला. अशा गावात घाणीचा ताप उठला की तो शहराच्या वेशीत राहत नाही; आठवड्याच्या बाजारातून तो पिशवीतील जिनसांबरोबर खेड्यात जातो. हमाल चार दिवस तापाने पडला की त्याची मजुरी बुडते, आणि आडतीवर माल अडतो तो शेतकऱ्याचा. डाळमिल, तेलगिरणी, सरकी किंवा फळांवर प्रक्रिया करणारा कारखाना गावात आणावयाचा तर त्याचे सांडपाणी कोठे सोडावयाचे, हा पहिला प्रश्न उद्योजकापुढे उभा राहतो. ज्या गावाकडे त्याचे उत्तर नाही, त्या गावातील शेतकऱ्याचा माल कच्चाच परगावी जातो, आणि त्याच्यावरील नफा दुसरा कोणी खातो. जागतिक बँकेच्या एका अभ्यासाने २००६ सालच्या आकड्यांवरून असा अंदाज काढला की, स्वच्छतेच्या अभावी हिंदुस्थानचे एका वर्षात सुमारे २ लक्ष ४४ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले. हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्के होते. एवढी पट्टी आपण निमूटपणे भरतो, कारण तिची पावती मिळत नाही.

बार्शीच्या इतिहासात भांडवलाचा एक मोठा धडा आहे. १८९७ साली येथे लहान रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती आखली, लंडनमध्ये कंपनी स्थापून भांडवल जमविले, आणि पुढे ती लाइन पंढरपूर, लातूर व अखेरीस मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली ती सरकारने घेतली; आता तेथे रुंद रुळ आहेत. ते भांडवल परोपकारासाठी आले नव्हते हे सांगावयास नको. पण त्यातील व्यवहार ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी रूळ पडले, मागून वाहतूक वाढली, आणि वाढलेल्या वाहतुकीने रुळांचे व्याज फेडले. दूरच्या सावकारास बार्शीच्या कापसावर व धान्यावर जेवढा विश्वास वाटला, तेवढा बार्शीकरांस स्वतःच्या गावावर वाटू नये काय? लंडन शहरानेही हेच केले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली, तेव्हा पार्लमेंटने तेथील मंडळास तीस लक्ष पौंडांचे कर्ज काढण्याचा अधिकार दिला, घरांवरील खास पट्टीतून त्याची फेड ठरविली, आणि बॅझलजेट नामक अभियंत्याने ती गटारे बांधली. गटार वार्षिक शिलकेतून बांधावयाचे नसते. जे तीन पिढ्या वापरणार, त्याचा खर्च एका वर्षाच्या अंदाजपत्रकावर लादणे हा हिशेबच चुकीचा आहे.

आता कायद्याकडे वळू. गटारे बांधणे, ती स्वच्छ ठेवणे व मैल्याची विल्हेवाट लावणे ही १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत घातलेली आहेत. ती करावी वा न करावी अशी मोकळीक कोणास नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, बाराव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय शहरांच्या संस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून घातले. तरीही ‘पैसा नाही’ हे उत्तर नगरपालिकांच्या ओठांवर कायमचे बसले आहे. या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच लावून टाकला. माळव्यातील रतलाम गावच्या काही रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली. नगरपालिकेने तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगितली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने ती सबब फेटाळली गेली. कायद्याने लादलेले कर्तव्य पैशाच्या अभावाचे कारण सांगून टाळता येणार नाही, असे ठरले. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे तीन वर्षांत उभारावीत, आणि त्यांच्या खर्चासाठी लाभ घेणाऱ्यांवर आकार बसविण्याचे नियम राज्यांनी ठरवावेत, असा तो आदेश होता. म्हणजे कर्तव्यही न्यायालयाने सांगितले आणि पैशाची वाटही दाखविली. वाटेवर चालण्याचे काम तेवढे आपले राहिले.

सरकारी अनुदान येईल आणि सर्व काही होईल, या आशेवर बसलेल्यांनी तीन आकडे पाहावेत. २००५ साली लहान व मध्यम शहरांसाठी जी केंद्रीय योजना निघाली, तीत केंद्राचा वाटा शेकडा ८० होता, राज्याचा १० आणि उरलेला १० संस्थेने उभारावयाचा. २०१५ च्या अमृत योजनेत दहा लाखांपर्यंतच्या शहरांस केंद्राचा वाटा निम्म्यावर आला. २०२१ मध्ये त्याच योजनेची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा एक लाख ते दहा लाख वस्तीच्या शहरांस केंद्र एक तृतीयांश देणार असे ठरले. बार्शी या शेवटच्या वर्गात बसते. ८० वरून ५० वर, ५० वरून ३३ वर! सोळा वर्षांत ओघ कोणत्या दिशेने चालला आहे, हे समजावयास ज्योतिषी नको. अनुदान मागू नये असे आम्ही म्हणत नाही. ते आपल्याच करांचे पैसे आहेत आणि त्यांवर आपला हक्क आहे. परंतु जो स्वतःचा वाटा हातात घेऊन जातो त्याची मागणी ऐकली जाते, आणि रिकाम्या हाताने जाणाऱ्यास पुढील वर्षाची तारीख मिळते.

स्वतःचा वाटा कसा उभारावा, याचा धडा घ्यावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. मद्रासेजवळ आलंदूर नावाची नगरपालिका होती. २०११ साली ती चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली. वस्ती सुमारे दीड लाख, म्हणजे बार्शीच्याच तोलाची. १९९६ नंतर तेथील नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी भुयारी गटाराचा विषय हाती घेतला. खर्च सुमारे ३४ कोटी रुपयांचा होता. त्यांनी नागरिकांपुढे सरळ हिशेब मांडला: प्रत्येक घराने पाच हजार रुपये आणि व्यापारी जागेने दहा हजार रुपये अनामत भरावी, आणि जोडणी झाल्यावर घरटी दरमहा १५० रुपये आकार द्यावा. रहिवाशांच्या संघांनी गल्लोगल्ली सभा घेतल्या, शंका विचारल्या, उत्तरे घेतली. जमलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवला गेला. लोकांनी आपली मुठ उघडली तेव्हा राज्याच्या नागरी विकास निधीने कर्ज दिले, आणि आकार व खर्च यांतील तूट भरून काढण्याचे राज्याने कबूल केले. शुद्धीकरण केंद्राचा पहिला टप्पा दिवसाला १ कोटी २० लक्ष लिटरांचा होता. हा आकडा वर काढलेल्या बार्शीच्या आकड्याशी ताडून पाहावा. आलंदूरची माणसे बार्शीच्या माणसांहून श्रीमंत होती म्हणून हे घडले नाही. पैसा कोठे गेला हे त्यांस दाखविले जाईल असा भरवसा त्यांस मिळाला, म्हणून घडले.

हाच हिशेब बार्शीस लावून पाहू. पाच माणसांचे एक घर धरले तर बार्शीत सुमारे २४ हजार घरे होतात. घरटी सरासरी दहा हजार रुपयांची एकवार अनामत म्हणजे २४ कोटी रुपये. घरटी दरमहा १५० रुपये म्हणजे वर्षाला ४ कोटी ३२ लक्ष. ही रक्कम सबंध योजनेस पुरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कर्ज देणाऱ्या संस्थेस ती पतीचा आधार म्हणून पुरते, आणि केंद्र बांधल्यावर ते बंद पडू न देण्यास तर ती निश्चित उपयोगी पडते.

‘गरिबाने दहा हजार कोठून आणावेत?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता कामा नये. सरासरी याचा अर्थ सर्वांस सारखे असा नव्हे. पेठेतील दुमजली दुकान, मंगल कार्यालय, रुग्णालय, लॉज यांनी अनेक पटींनी द्यावे; झोपडीने नाममात्र द्यावे आणि तेही हप्त्यांनी. परंतु कोणीच काही देऊ नये, या भूमिकेमागे गरिबाची कणव असते असे आम्हांस वाटत नाही. गटार नसले म्हणून गरिबाचा खर्च वाचत नाही; तो डॉक्टरकडे जातो, बुडालेल्या मजुरीत जातो, संडासाची टाकी उपसणाऱ्या गाडीस जातो. फुकटच्या गटाराची वाट पाहण्यात सुखवस्तू मनुष्य आपल्या घराची सोय खासगी टाकीने करून घेतो, आणि त्या टाकीचे पाणी ज्या उघड्या मोरीतून वाहते तिच्या काठी गरीब राहतो. तेव्हा कर नको म्हणणारा नेहमीच गरिबाचा कैवारी असतो असे समजू नये.

लहान बाजारगावांचे काय, असाही प्रश्न येईल. वैरागसारख्या गावास एकट्याने कर्ज मिळणे कठीण. सावकार लहान कुळास उभे करीत नाही. यावरही तमिळनाडूने तोड काढली. २००२-०३ च्या सुमारास तेथील तेरा लहान नागरी संस्थांनी आपली गरज एकत्र केली आणि पाणी व स्वच्छतेच्या सामाईक निधीतून सुमारे ३० कोटी रुपयांचे रोखे विकले. त्याआधी १९९८ साली अहमदाबाद महानगरपालिकेने राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढून पाणी व गटारांची कामे हाती घेतली होती. मोठ्यास जे एकट्याने साधते ते लहानांनी मिळून साधावे, हे सहकाराचे तत्त्व सोलापूर जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. उसासाठी आपण भागभांडवल जमविले. गटारासाठी जमविता येत नाही असे कोणी सिद्ध केले आहे?

मात्र शहराचा नमुना जसाच्या तसा खेड्यावर लादणे ही दुसरी चूक होईल. पाचशे उंबऱ्यांच्या गावात खोल भुयारी गटार खणणे म्हणजे गरिबाच्या दारी हत्ती बांधण्यासारखे आहे. तो बांधता येईल, पोसता येणार नाही. खेड्यास दोन खड्ड्यांचा संडास, मोरीस शोषखड्डा, आणि ज्या गल्लीत दाट वस्ती आहे तेथे उथळ बंद गटार एवढे पुरेसे आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे हटविली आणि डासांचा उपद्रव कमी केला. हे टेंभुर्णी आपल्या माढा तालुक्यातील नव्हे, पण नावाच्या साधर्म्याने तरी आपल्या टेंभुर्णीस ते आठवावे. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आपली काळी चिकण जमीन पाणी सहज पीत नाही. तेथे खड्डा मुरुमापर्यंत नेला नाही, तर तो दुसऱ्या पावसाळ्यात तुंबतो. जेथे टाक्याच आहेत तेथे त्या वेळच्या वेळी उपसल्या पाहिजेत. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपरिषदांनी ठराविक वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीने उपसण्याची पद्धत घालून दिली आहे. पैशाविषयी म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांस जे अनुदान ठरविले, त्यातील शेकडा ६० पाणी व स्वच्छता यांस बांधून दिले होते. सबंध देशात ही रक्कम १ लक्ष ४२ हजार कोटींच्या घरात होती. आपल्या ग्रामपंचायतीस त्यातील किती रक्कम आली आणि ती कोणत्या मोरीत गेली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे. तो वापरण्यास अनुदान लागत नाही.

आता योजनेच्या त्या भागाकडे येऊ, जो आजवर आराखड्याच्या शेवटच्या पानावर असतो आणि आमच्या मते पहिल्या पानावर असला पाहिजे. शुद्ध केलेले पाणी कोणास द्यावयाचे? कर्नाटकात बंगळूर शहराचे दिवसाला ४४ कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार या दुष्काळी जिल्ह्यातील तलावांत सोडण्याची योजना चालू झाली. कोरडे तलाव भरले, विहिरींस पाणी आले. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका घेऊन तेथील शेतकरी नेते न्यायालयात गेले. शंका झटकून टाकण्याजोगी नव्हती, कारण पाणी आणखी एका पायरीने शुद्ध करावे ही मागणी रास्तच आहे. आपल्या महाराष्ट्रात नागपूर महानगरपालिका आपले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देते व त्याचे पैसे घेते. बार्शीजवळ तसे वीजकेंद्र नाही, पण तहानलेले रान आहे. शहराच्या खालच्या अंगास असलेल्या गावांतील शेतकऱ्यांची २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याच्या धर्तीवर पाणीवापर संस्था स्थापावी, नगरपरिषदेने तिच्याशी वीस-पंचवीस वर्षांचा लेखी करार करावा, आणि त्यात पाण्याचे माप, शुद्धतेची कसोटी, दर व तपासणीचा अधिकार ही चार कलमे स्पष्ट असावीत. कच्ची खाण्याची भाजी या पाण्यावर घेऊ नये. चारा, कापूस, ऊस, फळझाडे यांस ते द्यावे. आज कित्येक गावांच्या नाल्यांत मोटारी टाकून शेतकरी अशुद्ध पाणीच उपसतात, तेथे कसोटीही नाही आणि करारही नाही. शेतकऱ्याने दिलेला दर लहान असेल. परंतु तो देणारा मनुष्य शुद्धीकरण केंद्राचा सर्वांत जागरूक पहारेकरी होईल. केंद्र बंद पडले तर नागरिकास महिनाभर पत्ता लागत नाही; ज्याच्या उसाचे पाणी थांबले तो दुसऱ्याच दिवशी कचेरीत येतो.

पहारेकऱ्याची गरज किती आहे, ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरे दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण करीत होती; शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ होती; आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३५ होते. अर्थात जेवढे बांधले त्याचाही मोठा भाग रिकामा होता. याची कारणे गुप्त नाहीत. रस्त्याखालून नळ जातो, पण घराची मोरी त्यास जोडलेली नसते. विजेचे बिल थकते. पगाराचा मनुष्य नेमलेला नसतो. काळ्या जमिनीत तर आणखी एक संकट आहे: ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि नळाखाली मुरुम-वाळूचे बैठक नीट नसेल तर सांधे उखडतात. म्हणून नळ पुरले गेले असोत वा पुरावयाचे असोत, घरजोडणी, देखभाल आणि बैठक यांची तरतूद नसलेली योजना ही जमिनीत पुरलेली रक्कम होय. ठेकेदाराचे बिल नळाच्या लांबीवर न देता चालू झालेल्या जोडण्यांच्या संख्येवर द्यावे, ही एकच अट घातली तरी निम्मे काम सुधारेल.

शेवटी एका बाबीची रक्कम अंदाजपत्रकात सर्वांत आधी लिहिली पाहिजे. गटारात माणूस उतरता कामा नये. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन महाराष्ट्रास स्वच्छतेचा धर्म शिकविला, अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात सफाईचे काम स्वतः करून त्या कामास चिकटलेल्या अस्पृश्यतेवर घाव घातला. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करविणे व संरक्षणाशिवाय गटारात माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या वारसास दहा लाख, आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरविली. तरी माणसे मरतात, आणि ती एकाच समाजाची मरतात. भुयारी गटार बांधून आपण घाण डोळ्यांआड करणार आणि ती उपसण्यासाठी पुन्हा त्याच जातीच्या माणसास भोकात उतरविणार असू, तर ते गटार न बांधलेले बरे. उपसण्याचे यंत्र, वायू तपासण्याचे साधन व शिकविलेला कायम कामगार यांचा खर्च योजनेत नसेल, तर ती योजना अपुरी नव्हे, बेकायदेशीर आहे.

सारांश, आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नगरपरिषदेने भुयारी गटाराचा सबंध हिशेब, खर्च, कर्ज, अनामत, मासिक आकार व चालविण्याचा खर्च यांसह, मराठीत छापून प्रभागाप्रभागांत वाटावा. अनामतीचे खाते वेगळे असावे आणि त्याचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी नगरपरिषदेच्या दारावर लावावा. व्यापारी व आडत्ये यांनी आपला वाटा आधी भरून इतरांस वाट दाखवावी. बाजार त्यांचा आहे, आणि बाजाराची अब्रूही त्यांचीच आहे. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी पाण्याचा करार कामाचा पहिला दगड बसण्यापूर्वी व्हावा. आणि एवढे हातात घेऊन मगच मुंबईस व दिल्लीस जावे.

स्वराज्य म्हणजे आपले राज्य एवढाच अर्थ नाही. आपल्या गावाचा खर्च आपण ठरविणे, तो आपण भरणे आणि त्याचा जाब आपणच मागणे हाही त्याचा अर्थ आहे. ज्या गावाने परक्याच्या भांडवलावर आलेल्या रेल्वेचा सव्वाशे वर्षे लाभ घेतला, त्या गावाने आपल्या पैशाने आपली मोरी बांधून ती आपल्या शेतापर्यंत न्यावी, यात अवघड काय आहे? अवघड एवढेच की, प्रत्येकाने आपल्या घराच्या मोरीपासून सुरुवात करावी लागेल.